पायाने उघडणारा फीडर, बारीक जाळी आणि खुराड्याभोवतीचे उंदीर: वापरानंतरचा अभिप्राय

परसातल्या खुराड्याभोवती उंदीर दिसू लागले की पहिला विचार सापळ्याचा किंवा विषाचा येतो. परंतु उंदीर तेथे कोंबड्यांसाठी नव्हे, तर कोंबड्यांच्या खाद्यासाठी येतात, आणि ही गोष्ट एकदा नीट ध्यानात घेतली की काय आधी विकत घ्यावे आणि काय मुळीच घेऊ नये, याचा सगळा क्रम बदलतो. पूर्ण वाढलेला उंदीर एका दिवसात साधारण २० ते ३० ग्रॅम खाद्य खातो, तर अंड्यावर असलेल्या कोंबडीला दिवसाला ११० ते १२० ग्रॅम खाद्य लागते. म्हणजे चार-पाच उंदीर पोसणे हे एक जास्तीची कोंबडी पोसण्यासारखेच आहे, आणि ही कोंबडी अंडे देत नाही. त्याशिवाय लेंड्या आणि मूत्र यांमुळे जे खाद्य नासते त्याचा हिशेब वेगळाच आहे. साल्मोनेलाचे जंतू उंदरांच्या लेंड्यांमधून खाद्यात आणि खाद्यातून कळपात पोहोचतात, हे कुक्कुटपालनात फार पूर्वीपासून माहीत असलेले सत्य आहे. म्हणूनच उंदरांचा प्रश्न सोडवण्यासाठी मी जी वस्तू सर्वांत आधी सुचवतो ती सापळा नसून झाकणाचा फीडर, म्हणजे कोंबड्यांचे खाद्य ठेवण्याचे भांडे, आहे. विक्रेते त्याला ट्रेडल फीडर म्हणतात. कोंबडी समोरच्या पट्टीवर उभी राहिली की झाकण उघडते आणि ती उतरली की बंद होते. हा अभिप्राय मुख्यतः त्या फीडरबद्दल आहे, पण त्याच्या जोडीला लागणाऱ्या जाळीबद्दल आणि बाजारात उंदरांवर म्हणून विकल्या जाणाऱ्या इतर वस्तूंबद्दलही मला स्पष्ट बोलायचे आहे.

कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण याच धाटणीचे फीडर अनेक कारखाने बनवतात आणि खरेदी नावाकडे पाहून नव्हे तर बांधणीकडे पाहून करावी, असे माझे मत आहे. माझ्याकडचा फीडर जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी, पत्र्याचा आहे. मागच्या बाजूला खाद्याची उभी टाकी, तिच्या तळाशी पुढे आलेली पन्हळ, पन्हळीवर बिजागरीवर फिरणारे झाकण आणि त्या झाकणाला दोन्ही बाजूंच्या दांड्यांनी जोडलेली पायपट्टी, एवढीच त्याची रचना आहे. प्लास्टिकचे फीडर हलके आणि स्वस्त असतात, परंतु उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजवण्यासाठी त्याला सतत काहीतरी कुरतडावेच लागते. प्लास्टिक, लाकूड आणि ॲल्युमिनियमचा पातळ पत्रासुद्धा तो कुरतडू शकतो. प्लास्टिकच्या पन्हळीची कड एकदा कुरतडली गेली की झाकण कितीही चांगले असले तरी त्याचा उपयोग राहत नाही. त्यामुळे लोखंडी पत्रा ही माझ्या दृष्टीने पहिली अट आहे.

दुसरी अट वजनाची आहे, आणि या वस्तूचे सारे यश त्या एका गोष्टीवर अवलंबून असते. मध्यम जातीची मोठी कोंबडी दोन किलोच्या आसपास भरते. मोठा तपकिरी उंदीर, म्हणजे जमिनीत बिळे करणारा आणि परसात बहुधा आढळणारा उंदीर, अर्ध्या किलोच्या पुढे क्वचितच जातो, आणि बहुतेक उंदीर त्याहून बरेच हलके असतात. पायपट्टी दाबली जाण्यासाठी लागणारे वजन या दोहोंच्या मधे असायला हवे. मात्र ते एका उंदराच्या वजनापेक्षा थोडेसे जास्त असून भागत नाही, कारण उंदीर एकटे येत नाहीत आणि दोन-तीन उंदीर एकाच वेळी पट्टीवर बसतात. पट्टीच्या टोकावर पडलेले वजन बिजागरीजवळ पडलेल्या वजनापेक्षा अधिक जोर लावते, हेही लक्षात घ्यावे लागते. विकत घेण्यापूर्वी मी एक किलोचे पाकीट पट्टीच्या अगदी टोकाला ठेवून पाहिले होते आणि झाकण हलले नाही तेव्हाच तो फीडर घेतला. दुकानात ही परीक्षा कोणालाही करता येते, आणि विक्रेत्याच्या तोंडी खात्रीपेक्षा तिच्यावर अधिक विश्वास ठेवावा.

तिसरी बाब स्प्रिंगची आहे. काही फीडरमध्ये झाकण केवळ स्वतःच्या वजनाने पन्हळीवर टेकलेले असते. अशा झाकणाच्या कडेखाली उंदीर नाक घालतो, मग डोके घालतो आणि पट्टीला स्पर्शही न करता झाकण वर ढकलून आत जातो. ज्या फीडरमध्ये झाकण स्प्रिंगने खाली ओढून धरलेले असते त्यात हे जमत नाही. बंद झाकणाची कड बोटाच्या टोकाने वर उचलून पाहावी. ती सहज उचलली गेली तर उंदरालाही ती सहज उचलता येईल. बिजागरीच्या बाजूला आणि दांडे जेथून आत जातात तेथे किती फट राहते, तेही पाहावे. उंदराच्या पिल्लाला १२ मिलिमीटरची फट पुरते आणि घरात फिरणाऱ्या लहान उंदराला, ज्याला चिटुकला म्हणून आपण सोडून देतो त्याला, अवघी ६ मिलिमीटरची. त्या लहान उंदराच्या बाबतीत फीडरकडून पूर्ण संरक्षणाची अपेक्षा ठेवू नये, कारण बहुतेक फीडरमध्ये कोठे ना कोठे तेवढी फट राहतेच.

आता कोंबड्यांना शिकवण्याबद्दल, कारण अनेक जण फीडर आणल्यानंतर चार दिवसांत तो कोपऱ्यात ठेवून देतात आणि वस्तूला दोष देतात. कोंबडी ही सवयीने चालणारी आणि अचानक हालचालीला घाबरणारी जात आहे. पट्टीवर पाय ठेवताच डोक्यासमोरचे झाकण हलले आणि पत्र्याचा आवाज झाला तर ती मागे उडी मारते, त्या उडीने झाकण आणखी जोरात आपटते आणि पुढचा अर्धा दिवस ती जवळ येत नाही. म्हणून सुरुवातीला पट्टीखाली वीट किंवा लाकडाचा ठोकळा घालून झाकण पूर्ण उघडे ठेवावे आणि इतर सगळी भांडी उचलून घ्यावीत, म्हणजे खाद्य फक्त येथेच मिळते हे कळपाला कळते. सगळ्या कोंबड्या निर्धास्तपणे खाऊ लागल्या की ठोकळा बदलून झाकण अर्धे उघडे राहील आणि पट्टीवर पाय पडल्यावर थोडेसेच हलेल असे करावे. हाच टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तो घाईने उरकू नये. कळपातील एखादी धीट कोंबडी आधी शिकते आणि बाकीच्या तिच्याकडे पाहून शिकतात. पण एक अडचण येथेच निर्माण होते. दबणाऱ्या कोंबड्या स्वतः पट्टीवर न चढता धीट कोंबडीच्या शेजारून मान आत घालून खातात, आणि ती उतरली की झाकण त्यांच्या मानेवर येते. माझ्या फीडरच्या झाकणाची कड आत वळवलेली आणि गोलसर आहे, आणि झाकण आपटत नाही, सावकाश मिटते, त्यामुळे इजा झाली नाही. कापलेल्या पत्र्याची उघडी कड असलेला फीडर मात्र मी कोणालाही घेऊ देणार नाही. पट्टी पन्हळीइतकी रुंद असेल तर शेजारून खाणारी कोंबडीही आपोआप पट्टीवरच उभी राहते, म्हणून अरुंद पट्टीपेक्षा रुंद पट्टी चांगली.

शिकवण्याच्या काळात दिवसभर झाकण उघडे असते, त्यामुळे संध्याकाळी कोंबड्या दांडीवर चढल्या की ठोकळा काढून झाकण बंद करावे लागते. हे रोज न चुकता करावे. उंदीर मुख्यतः अंधारात हिंडतो, आणि त्याची सर्वांत जास्त धावपळ तिन्हीसांजेनंतर व पहाटेपूर्वी असते. कोंबडी अंधारात खात नाही आणि पाणीही पीत नाही. म्हणजेच रात्रभर उघडे राहिलेले खाद्य फक्त उंदरांसाठी असते. ज्यांना फीडर घेणे शक्य नाही त्यांनी केवळ एवढे एकच काम केले, म्हणजे संध्याकाळी खाद्याची आणि पाण्याची भांडी उचलून घट्ट झाकणाच्या लोखंडी पिंपात ठेवली, तरी प्रश्नाचा मोठा भाग सुटतो. फीडरचा खरा लाभ असा की एखाद्या संध्याकाळी घरी पोहोचायला उशीर झाला तरी हे काम तो स्वतः करतो.

उंदरांनी या फीडरशी कसा व्यवहार केला हे मी रात्री मंद लाल उजेडात अनेकदा बसून पाहिले आहे. उंदीर आपल्या परिसरातील नव्या वस्तूला घाबरतो. पहिले काही दिवस ते फीडरला लांबून वळसा घालून भिंतीच्या कडेने जात राहिले. त्यानंतर एक मोठा उंदीर पट्टीवर चढला, पन्हळीच्या तोंडाशी मागच्या पायांवर उभा राहिला आणि झाकणाच्या पूर्ण लांबीवरून नाक फिरवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला. मग तो खाली उतरून टाकीच्या मागे गेला आणि तळाच्या सांध्यावर दात चालवल्याचा आवाज ऐकू आला. सकाळी त्या जागी जस्ताच्या थरावर बारीक पांढऱ्या रेघा दिसल्या, पत्रा शाबूत होता. हा प्रकार काही रात्री चालला आणि नंतर थांबला. उंदीर फीडर सोडून खाली सांडलेले दाणे वेचू लागले.

सांडलेले दाणे हा या फीडरचा सर्वांत मोठा दोष आहे, आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. कोंबडी चोचीने खाद्य बाजूला उडवते आणि आवडते दाणे शोधते. मिश्र धान्य दिले तर ती हे हटकून करते आणि भरडा दिला तरी बराच भुगा बाहेर पडतो. गोळी स्वरूपातील खाद्य दिले तर सांडणे पुष्कळ कमी होते, कारण प्रत्येक गोळी सारखीच असल्यामुळे निवडण्यासारखे काही उरत नाही. पन्हळीवर उभ्या सळ्यांची जाळी बसवलेली असेल तर मान बाजूला फिरवता येत नाही आणि सांडणे आणखी घटते. माझ्या फीडरला अशी जाळी मुळात नव्हती. ती मी जाड तारेची करून बसवली, आणि कारखान्याने ती आधीच द्यायला हवी होती असे माझे ठाम मत आहे. फीडरखाली फरशी किंवा सपाट पत्रा ठेवून संध्याकाळी एकदा झाडून घेतले की रात्रीसाठी काही उरत नाही. मूठभर धान्य खुराड्यापुढे उधळण्याची सवय असेल तर ते सकाळी उधळावे, म्हणजे दिवसभरात वेचून संपते. दुसरा दोष ओलाव्याचा आहे. टाकीचे वरचे झाकण पुढे पुरेसे आलेले नसल्याने तिरक्या पावसाचे पाणी आत गेले, खाद्याच्या गाठी झाल्या आणि ते घसरून खाली येणे थांबले. असे बुरशी धरलेले खाद्य कोंबड्यांना देणे धोक्याचे असते, म्हणून फीडर आडोशालाच ठेवावा.

फीडर बसवण्यापूर्वी किंवा निदान त्याच दिवशी खुराड्याचा बंदोबस्त झालेला असला पाहिजे, आणि हे सांगितल्याशिवाय फीडरची शिफारस करणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. खाद्य अचानक बंद झाले की तेथे वाढलेले सगळे उंदीर लगेच निघून जात नाहीत. भुकेलेले उंदीर अंडी पळवतात, पिल्ले उचलतात आणि रात्री दांडीवर झोपलेल्या कोंबडीच्या पायाची बोटेसुद्धा कुरतडतात. कोंबडीला अंधारात दिसत नाही आणि ती जागची हलत नाही, त्यामुळे तिला प्रतिकार करता येत नाही. म्हणून खुराड्याची प्रत्येक फट, झरोका आणि फळ्यांमधील सांधा आधी बंद करावा.

या कामासाठी षटकोनी छिद्रांची पातळ जाळी, जी कोंबड्यांची जाळी म्हणूनच विकली जाते, ती उपयोगाची नाही. ती कोंबडीला आत ठेवते, पण उंदराला बाहेर ठेवत नाही. तिच्या छिद्रांतून उंदराचे पिल्लू सहज जाते आणि गंजलेल्या जागी मोठा उंदीरही तार तोडतो. लागते ती चौकोनी छिद्रांची वेल्डेड जाळी, छिद्र १२ मिलिमीटरच्या आसपास आणि तार सुमारे १ मिलिमीटर जाडीची. लहान उंदरांचाही त्रास असेल तर ६ मिलिमीटर छिद्राची जाळी घ्यावी लागते, मात्र तिच्यातून हवा कमी खेळते आणि ती धुळीने लवकर बुजते, म्हणून ती सगळीकडे न लावता खालच्या भागात आणि खाद्याच्या खोलीला लावावी. विकत घेताना जाळीचा सांधा जवळून पाहावा. काही जाळ्यांच्या तारांना आधी जस्ताचा मुलामा देतात आणि नंतर वेल्डिंग करतात. त्यांच्या सांध्याशी वेल्डिंगमुळे मुलामा जळालेला असतो आणि गंज तेथूनच सुरू होतो. ज्या जाळीला वेल्डिंग झाल्यावर मुलामा दिलेला असतो तिच्या प्रत्येक सांध्यावर जस्ताचा लहानसा फुगीर थर दिसतो. ओल्या विष्ठेतून अमोनिया निघतो आणि खुराड्यातील लोखंड त्यामुळे लवकर खराब होते, म्हणून दुसऱ्या प्रकारची जाळी महाग असली तरी तीच घ्यावी. जाळी लाकडावर फक्त टाचणीच्या पिनांनी ठोकून ठेवू नये, कारण त्या निघून येतात. जाळीवर लाकडाची पट्टी ठेवून स्क्रूने आवळावी.

जमिनीकडच्या बाजूला जाळी भिंतीसारखी उभी संपवून चालत नाही. तपकिरी उंदीर खोदणारा आहे. जाळी साधारण ३० सेंटिमीटर जमिनीत उतरवून तेथून बाहेरच्या दिशेने आणखी ३० सेंटिमीटर आडवी वळवावी. उंदीर भिंतीला लागूनच खोदू लागतो, आडव्या जाळीवर अडतो आणि मागे सरून लांबून खोदण्याचा प्रयत्न सहसा करत नाही. ही खोदाई कष्टाची आहे. ज्यांची जमीन खडकाळ आहे त्यांनी जाळी जमिनीवरच बाहेरच्या बाजूला ६० सेंटिमीटर पसरून तिच्यावर दगड आणि माती टाकली तरी बऱ्यापैकी काम होते. काळा उंदीर मात्र खोदण्यापेक्षा चढण्यात पटाईत असतो. तो झाडाच्या फांदीवरून, वेलावरून किंवा तारेवरून छपरावर येतो, म्हणून वरची बाजू आणि छपराखालची फट तितकीच महत्त्वाची. खुराडे जमिनीपासून उंचावर असेल आणि त्याच्या खालची जागा वाकून पाहिल्यावर आरपार दिसत असेल तर उंदीर तेथे बीळ करायला कचरतो. लाकडांचा ढीग, जुनी पोती आणि दाट झुडपे खुराड्याला चिकटून ठेवू नयेत.

बिळे चालू आहेत की जुनी आहेत हे ओळखण्याची एक सोपी रीत आहे, आणि तिला काहीही विकत घ्यावे लागत नाही. सहा ते नऊ सेंटिमीटर रुंदीच्या बिळाच्या तोंडात संध्याकाळी चुरगाळलेला वर्तमानपत्राचा कागद सैल कोंबावा. सकाळी कागद बाहेर पडलेला किंवा आत ओढलेला असेल तर बीळ चालू आहे. चालू बिळाच्या तोंडाची माती गुळगुळीत आणि दाबलेली असते, जवळ ताज्या, काळसर, ओलसर लेंड्या सापडतात आणि तोंडावर कोळ्याचे जाळे नसते. तपकिरी उंदराची लेंडी दोन सेंटिमीटरपर्यंत लांब असते, लहान उंदराची तांदळाच्या दाण्याहून फारशी मोठी नसते. लेंड्या आणि त्यांच्याजवळची माती उचलताना हातमोजे घालावेत आणि जागा आधी जंतुनाशकाच्या पाण्याने ओली करून घ्यावी. कोरडी धूळ झाडून उडवू नये, कारण उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिससारखे आजार माणसालाही होतात.

फीडर आणि जाळी झाल्यावर सापळ्यांची पाळी येते, आणि खरे सांगायचे तर त्यांचा उपयोग तेव्हाच होतो. उंदराची मादी २१ ते २३ दिवसांत विते, एका वेळी सहा ते बारा पिल्ले देते आणि ती पिल्ले दोन-तीन महिन्यांत स्वतः प्रजननक्षम होतात. खाद्य उघडे असताना कोणीही सापळ्याने ही वाढ गाठू शकत नाही, शिवाय पोट भरलेला उंदीर सापळ्यातल्या आमिषाकडे फिरकतही नाही. खाद्य बंद झाले की हेच सापळे चांगले चालतात. मी जोरदार स्प्रिंगचे, उंदीर जागीच मरेल असे चाप वापरतो. ते काही रात्री आमिष लावून पण न ताणता ठेवावेत, म्हणजे उंदरांची भीती मोडते, आणि मग सगळे एकाच रात्री ताणावेत. चाप भिंतीला काटकोनात, आमिषाची पट्टी भिंतीला टेकलेली अशा रीतीने ठेवावा, कारण उंदीर भिंतीच्या कडेने धावतो. कोंबड्यांची आणि मांजराची मान सापडू नये म्हणून चाप नेहमी दोन्ही बाजूंना लहान तोंड असलेल्या लाकडी खोक्यात, तोंडापासून चोच पोहोचणार नाही इतका आत ठेवावा. हलका, पातळ पत्र्याचा चाप उंदराला जखमी करून सोडतो. तो घेऊ नये.

चिकट पुठ्ठ्यांबद्दल माझे मत पूर्णपणे प्रतिकूल आहे. त्यावर अडकलेला प्राणी तासन्‌तास तडफडतो, आणि परसात चिमण्या, सरडे, बेडूक आणि कोंबडीची पिल्लेही त्यावर अडकतात. न्यूझीलंड आणि इंग्लंड यांसारख्या देशांनी सर्वसामान्य माणसाला त्यांचा वापर करण्यास कायद्याने मनाई केली आहे आणि ते योग्यच आहे.

विषाबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण दुकानात सर्वांत आधी तेच हातात दिले जाते. वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारे विष १९४८ साली उंदरांसाठी बाजारात आले आणि दहाच वर्षांत, १९५८ मध्ये, स्कॉटलंडमध्ये त्याला दाद न देणारे उंदीर आढळले. त्यानंतर ब्रोमाडायोलोन आणि ब्रोडिफॅकमसारखी अधिक तीव्र विषे आली. त्यांनी उंदीर लगेच मरत नाही. तो काही दिवस सुस्त होऊन हिंडत राहतो, आणि विष त्याच्या यकृतात साठलेले असते. असा सुस्त उंदीर घुबड, मांजर किंवा कुत्रा सहज पकडतो. कोंबडी शाकाहारी आहे असा अनेकांचा समज असतो, पण ती लहान उंदीर दिसला की मारून गिळते, आणि या विषांचा अंश कोंबडीच्या शरीरातून अंड्यात उतरतो. झिंक फॉस्फाइडचा धोका वेगळा आहे: पोटातील आम्लाशी संयोग होऊन त्यातून फॉस्फीन हा विषारी वायू तयार होतो, त्यावर उतारा नाही आणि पक्षी त्याला फार लवकर बळी पडतात. ज्या परसातील अंडी आपली मुले खातात तेथे मी यांपैकी काहीही ठेवणार नाही. उपद्रव हाताबाहेरच गेला असेल तर परवानाधारक कीटकनियंत्रकाला बोलवावे, कुलूपबंद आमिषपेटीचाच आग्रह धरावा आणि मेलेले उंदीर रोज शोधून उचलण्याची जबाबदारी कोणाची हे आधीच ठरवून घ्यावे.

उंदरांना पळवणारी ध्वनियंत्रे घेऊ नयेत. तो ध्वनी भिंत, पोते किंवा खोके ओलांडत नाही आणि उंदरांना त्याची लवकरच सवय होते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ मध्ये अशा यंत्रांच्या ६० हून अधिक उत्पादकांना व विक्रेत्यांना, तुमच्या दाव्यांना शास्त्रीय पुरावा हवा, अशी ताकीद दिली होती. पुदिन्याच्या तेलाचा वास दोन दिवसांत उडून जातो. मांजराचा धाक लहान उंदरांना आणि पिल्लांना असतो. मोठ्या तपकिरी उंदराच्या वाटेला बहुतेक मांजरे जात नाहीत.

हा फीडर कोणी घ्यावा याचे उत्तर कळपावर अवलंबून आहे. मोठ्या, सारख्या वजनाच्या कोंबड्यांचा लहान कळप असेल आणि खाद्य दिवसभर समोर ठेवण्याची पद्धत असेल तर मी तो निःसंकोचपणे सुचवतो. मला आलेला सर्वांत स्पष्ट फरक म्हणजे खाद्याचे पोते पूर्वीपेक्षा बरेच जास्त दिवस पुरते आणि कागद कोंबलेली बिळे सकाळी जशीच्या तशी असतात. ज्यांच्याकडे पिल्ले आणि आई एकत्र आहेत, किंवा ज्यांनी जेमतेम अर्धा-पाऊण किलो भरणाऱ्या बुटक्या जातीच्या कोंबड्या पाळल्या आहेत, त्यांनी तो घेऊ नये. त्या पट्टी दाबू शकत नाहीत, आणि त्यांच्यासाठी स्प्रिंग सैल केली की ती उंदरांसाठीही सैल होते. अशा कळपाला दिवसा साधे भांडे आणि संध्याकाळी ते उचलून ठेवण्याची शिस्त हेच योग्य आहे. लंगडी, म्हातारी किंवा आजारी कोंबडीही पट्टीवर चढायला टाळते. तिला वेगळे खायला द्यावे लागते आणि ती खाते आहे की नाही याकडे लक्ष ठेवावे लागते.

देखभाल फार नाही, पण ती टाळता येत नाही. दांड्यांच्या सांध्यांत खाद्याचा भुगा आणि धूळ साचली की झाकण पूर्ण मिटत नाही, म्हणून कोरड्या ब्रशने ते साफ करावेत. तेल लावू नये, कारण तेलाला भुगा चिकटून आणखी घट्ट बसतो. सर्वांत आधी थकते ती स्प्रिंग. ती सैल झाल्याचे वरून कळत नाही. झाकण मिटलेले दिसते, पण कड बोटाने उचलली जाते, आणि पन्हळीत पुन्हा लेंड्या दिसू लागतात. माझ्या फीडरची स्प्रिंग एकदा बदलावी लागली आणि ती विक्रेत्याकडे सुटी मिळाली म्हणूनच फीडर अजून वापरात आहे. खरेदी करतानाच सुटी स्प्रिंग मिळते का हे विचारावे, मिळत असेल तर एक त्याच वेळी आणून ठेवावी, आणि मिळत नसेल तर तो फीडर दुकानातच सोडावा.